नव्वद दिवसांची सही

माझ्या साडूने मला फसवलं. मी थोरला साडू, तो धाकटा. फसवलं ते एका सहीत, आणि तेही माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच चांगलंही लिहिणार आहे. वाचणाऱ्याला वाटायला नको की मी सगळं विसरलो.

नाशकात द्वारकेच्या चौकापासून पाच मिनिटांवर माझं औषधांचं दुकान आहे. औषधं द्राक्षांची, भुरीची, करप्याची, मिलीबगची. वर आमचं घर. मी मूळचा हरसूलकडचा. बाप आठवडे बाजारात मीठ-मिरची घेऊन बसायचा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला मी नाशकात आलो आणि दुसऱ्याच्या औषधाच्या दुकानात लागलो. तिथे अकरा वर्षं काढली. शेतकरी विचारायचे मला, पानं उलटीसुलटी करून बघायचो मी, औषध लिहून द्यायचो मी. पण ज्या कागदावर लिहायचो त्यावर वर मालकाचं नाव छापलेलं असायचं. गावात जाऊन माणूस म्हणायचा, अमक्या शेठने बाग वाचवली. तो शेठ कधी बागेत गेलेला नव्हता. त्याला भुरी आणि धूळ यातला फरक कळत नव्हता. नावाच्या बाबतीत मी जरा जास्तच तापतो असं आमच्या घरात म्हणतात. त्याचं कारण ते अकरा वर्षांचे कागद आहेत.

स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा द्राक्षं युरोपात जायला लागलेली होती. तिकडचे लोक घडाच्या पोटात काय आहे ते तपासतात. कुठलं औषध कधी मारलं, त्यानंतर किती दिवसांनी काढणी केली, सगळं लिहून ठेवावं लागतं. नमुना घ्यायला माणूस आला की आधी ते मागतो. आमचे शेतकरी लिहायचे, नाही असं नाही. पण कोणी कॅलेंडरच्या मागे, कोणी मोटारीच्या खोलीतल्या भिंतीवर कोळशाने, कोणी औषधाच्या रिकाम्या खोक्यावर. नमुन्याच्या आदल्या दिवशी ते खोकं घेऊन माझ्याकडे यायचे. "शेठ, तुम्हीच दिलं होतं. आठवा जरा." मग मी बिलबुकं काढून त्यांची आख्खी बाग आठवत बसायचो.

त्यातूनच मला सुचलं की हे कॉम्प्युटरवर का नको. तेव्हा बऱ्याच बागाइतदारांच्या घरी पोरांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर आलेले होते आणि त्यावर पत्ते खेळण्यापलीकडे काही चालत नव्हतं.

माझा साडू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मी त्याला मास्तर म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. बारीक अंगाचा, हळू बोलणारा, ताटात वाढलेलं निमूट खाणारा माणूस. तो दर रविवारी दुपारी यायचा. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता. तो टाइप करायचा, मी शेजारी स्टुलावर बसून घासाघीस करायचो. घासाघीस माझ्या रक्तातच आहे. समोर पैसे नसले तरी मला ती करावी लागते.

"भाऊ, तारीख टाकायची, औषध निवडायचं, झालं," तो म्हणाला.

"तारीख कोणाला पाहिजे? द्राक्षवाल्याला आज काय तारीख आहे विचारा, सांगता येणार नाही. छाटणीपासून आज कितवा दिवस ते विचारा, झोपेतून उठून सांगेल."

"कॉम्प्युटर तारखेवर चालतो."

"मग त्याला आतल्या आत चालू द्या. वर दिवस दिसला पाहिजे. मोठ्या अक्षरात. मराठीत."

"मराठी अक्षरं नीट येत नाहीत हो यात."

"मग तुम्ही मास्तर कशाला झालात?"

तो हसला आणि तीन रविवार घालवून त्याने मराठी अक्षरं आणली. बटणं मी बोटभर रुंद करून घेतली. एखाद्या औषधाचे दिवस पुरे झाले नसतील तर घडाचं चित्र लाल व्हावं, हेही मीच भांडून घेतलं. औषधांची यादी माझी, दिवसांचे आकडे माझे, कुठल्या औषधात कुठलं मिसळू नये ते ज्ञान माझं. टाइप त्याचा. त्या वर्षीचे ते उन्हाळ्या-पावसाळ्यातले रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. मला शाळा फार मिळाली नाही. शेजारी बसून कोणी काहीतरी रचतंय आणि आपल्या सांगण्याने ते हलतंय, हे बघण्यात जी मजा आली ती मला नंतर कशातच आली नाही. बायको म्हणायची, "अहो, दुकानात बसल्यावर इतके हसत नाही तुम्ही."

डायरी तयार झाली. आम्ही तिला डायरीच म्हणायचो. आता ती सीडीवर भरून लोकांच्या घरी लावायची होती. तेव्हा मास्तर म्हणाला, "आता हिच्यावर सही करावी लागेल."

"कसली सही?"

त्याने समजावून सांगितलं. बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमला कॉम्प्युटर परका समजतो. त्याला फायली लिहू देत नाही, प्रिंटर वापरू देत नाही. सही असली तर निदान मालकाला विचारतो, अमक्याचा प्रोग्रॅम आहे, चालू द्यायचा का? त्या सहीसाठी सर्टिफिकेट लागतं. परदेशात कंपन्या आहेत, त्या तुमची कागदपत्रं तपासून सर्टिफिकेट देतात. नाहीतर आपलं आपणच करायचं.

"आपलं आपण म्हणजे?"

"म्हणजे आपणच लिहायचं की आम्ही आम्हीच आहोत. आणि खाली आपणच सही करायची."

"आणि साक्षीदार?"

"साक्षीदारही आपणच."

मी इतका हसलो की खाली दुकानात ऐकू गेलं. तलाठ्याकडे असं काही नेलं असतं तर त्याने हाकलून दिलं असतं. "मग त्याला किंमत काय, मास्तर?"

"किंमत अशी, की मधल्यामध्ये कोणी आपल्या फायलीत फेरफार केला तर सही तुटते. आणि सही कोणाची ते नाव दिसतं. त्या नावावर विश्वास ठेवायचा की नाही ते समोरच्याने ठरवायचं."

हे मला पटलं. माझं दुकानही तसंच चालतं. कुठल्या सरकारी शिक्क्यावर चालत नाही.

पण नाव म्हटल्यावर भांडण आलं. मी म्हणालो, नाव माझं. तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, प्रोग्रॅम तर मी लिहिला. लिहिणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत आहे." मी म्हणालो, तुमची पद्धत कॉलेजात. हे गिऱ्हाईक माझं, ते मला ओळखतात. तो म्हणाला, दोघांची टाकू. मी म्हणालो, पहिलं कोणाचं? माझा आवाज चढला. बायको चहा घेऊन आली आणि तशीच दारात थांबली.

आमच्या सासूबाई तेव्हा डोळे तपासायला आमच्याकडे आलेल्या होत्या. आमच्या सासुरवाडीची बाग पिंपळगावच्या बाजूला. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले होते. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. त्या भागातली निम्मी माणसं त्यांच्याकडे बघून द्राक्षाकडे वळलेली. सासूबाई डोळ्यांत औषध घालून पडल्या होत्या. पडल्यापडल्याच म्हणाल्या, "जावईबापू, लग्नपत्रिकेत तुम्ही नाव कोणाचं घालता?"

"मोठ्या माणसाचं."

"मग मोठं माणूस घाला. यांचं घाला. दोघांचाही मान राहील. आणि एवढ्यासाठी माझ्या लेकींच्या घरात ओरडू नका."

मला तर ते इतकं बरोबर वाटलं की लाज वाटली. माझं नाव नाही तर नाही, पण त्याचंही नाही. सौदा बरोबरीचा झाला.

सही करायचं ते अवजार काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न विचारत गेलं. तुमचं नाव काय, आडनाव काय? मास्तरने इंग्रजीत आप्पांचं नाव टाइप केलं. विभाग कोणता? मी म्हणालो, "द्राक्ष." त्याने तेच टाइप केलं. संस्था? तिथे आमच्या सासुरवाडीचं गाव घातलं. शहर, राज्य, देश. शेवटी ते सगळं पुन्हा वाचून दाखवून विचारतं, बरोबर आहे का? मास्तरने नुसतं एंटर दाबलं, तर ते 'नाही' असं धरून पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागलं. मला ते अवजार आवडलं. तोंडाने स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय सौदा पक्का धरत नाही.

पासवर्ड टाकताना मी मान फिरवली. दुसऱ्याने गुप्त काही लिहिताना बघू नये, एवढी रीत मला कळते.

ऑक्टोबरच्या छाटण्या चालू होत्या. मी मोटारसायकलवर सीड्या घेऊन गावोगाव हिंडलो. प्रत्येक घरी डायरी पहिल्यांदा उघडली की एक पिवळ्या चिन्हाची चौकट यायची. इंग्रजीत. मी वाचून दाखवायचो, की या प्रोग्रॅमवर अमक्याची सही आहे, सही खरी की खोटी ते आम्हाला तपासता येत नाही, तुम्ही ठरवा.

एका गावचे म्हातारे बागाइतदार, आप्पांचे दोस्त, चष्मा कपाळावर ढकलून पडद्याकडे बघत बसले. "हे तर आपल्या आप्पाचं नाव हाय!"

"त्यांचंच."

"आप्पा जाऊन दोन वर्सं झाली की."

"झाली."

"आन् हे आता इचारतंय, आप्पावर इश्वास ठेवायचा का?"

"हो."

"मग शेठ, याला सांगा, ठिवलाय म्हणावं. पंचवीस वर्सं ठिवलाय. लय उशिरा इचारलंस म्हणावं."

चौकटीत खाली एक बारीक खूण करायची जागा होती. ती खूण केली की या नावावर कायमचा विश्वास ठेवला जातो आणि पुन्हा विचारत नाही. सगळ्यांच्या घरी मी ती करून द्यायचो. फक्त सासुरवाडीला सासूबाईंनी करू दिली नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की खूण केली तर नाव पुन्हा दिसणार नाही. मग माझा मेहुणा रोज सकाळी फवारणी लिहायला बसला की चौकट यायची, सासूबाई पदराने डोळे पुसून जवळ जायच्या, नाव बघायच्या आणि म्हणायच्या, "हं, ठेवला. आता लिही." त्यांना इंग्रजी येत नाही. पण ती अक्षरं कशी दिसतात ते पाठ झालं होतं.

जानेवारीत मण्यांत पाणी उतरलं. नमुने घेणारी माणसं गावांत फिरायला लागली. आणि एका सकाळी दुकानाचा फोन थांबेना.

पहिला फोन आप्पांच्या त्याच दोस्ताचा. "शेठ, डायरी उघडंना. आप्पाची मुदत संपली म्हनतंय."

"काय म्हणतंय?"

"तसंच म्हनतंय. नातवानं वाचून दाखवलं. तारीख गेलेली हाय, चालू करू नका म्हनतंय. आम्ही नाय केलं. आन् उद्या नमुनेवाला येतोय."

तसे दुपारपर्यंत बारा-पंधरा फोन. मी मास्तरला कॉलेजातून बोलावून घेतलं. तो आला, बसला, बघितलं आणि म्हणाला, "हो. नव्वद दिवस झाले."

"कसले नव्वद दिवस?"

"सही करताना मुदत सांगितली नाही तर ती आपोआप नव्वद दिवसांची होते."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं... त्या वेळी लक्षात राहिलं नाही. तुम्हीही विचारलं नाही, भाऊ."

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी जमिनीवर आपटला. माझं आयुष्य बाटलीवरची तारीख बघण्यात गेलं. मुदत संपलेला माल मी शेल्फवर एक दिवस ठेवत नाही. छाटणीपासून किती दिवस, फवारणीपासून किती दिवस, काढणीला किती दिवस, हेच माझं अन्न. दिवसच मोजून देणारी डायरी मी बनवून घेतली, बोटभर बटणांसाठी भांडलो, आणि तिच्यावरच्या सहीला किती दिवस, हे मी विचारलं नाही. ती चूक माझी. मी ती मानतो. कप फुटला तो बहुतेक स्वतःवरच्या रागाने.

फसवणूक ती नाही. फसवणूक पुढे आहे.

तो म्हणाला, "आता ही सही मेली. नवीन करावी लागेल, लांब मुदतीची. या नावाने पुन्हा नाही होणार." मी म्हणालो, करा काय ते, उद्या नमुने आहेत. आणि खाली गेलो, कारण दुकानात माणसं ताटकळली होती. संध्याकाळी त्याने सीड्यांची चळत माझ्या हातात दिली. मी बघितलं नाही. पहाटे निघालो.

पहिल्या घरी, आप्पांच्या दोस्ताकडे, सीडी लावली. चौकट आली. त्यात माझ्या साडूचं नाव.

"हे कोन?" म्हाताऱ्याने विचारलं. "आप्पा कुठं गेले?"

नमुनेवाल्याची जीप बांधावर येऊन थांबलेली होती. काय करणार होतो मी? म्हणालो, "माझे साडू आहेत. आप्पांचे धाकटे जावई. ठेवा विश्वास."

"तुम्ही म्हनताय म्हनून ठिवतो."

त्या दोन दिवसांत मी प्रत्येक घरी जाऊन हेच म्हणालो. ज्या जागेसाठी मी भांडलो होतो, त्या जागी त्याचं नाव, आणि त्याला साक्षीदार मी. माझ्या तोंडाने, माझ्या शब्दावर. साक्षीदारही आपणच, असं तोच म्हणाला होता.

सासुरवाडीला मी शेवटी गेलो. सासूबाई चौकटीजवळ वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "यांचं नाव काढलं का हो?"

"मशीनचा नियम आहे, आई," मी म्हणालो. "जुनं नाव पुन्हा चालत नाही." मी त्याची बाजू सावरून घेतली. मग मेहुण्याने ती बारीक खूण करून टाकली. आता पुन्हा विचारायचं काही कारण नव्हतं.

हंगाम मात्र झकास गेला. आमच्या डायरीतली एकही बाग नमुन्यात अडकली नाही. ज्या घडांचं चित्र लाल होतं ते थांबवले, ज्यांचं हिरवं ते गेले. आप्पांच्या दोस्ताने पहिली पेटी भरताना दोन घड बाजूला काढून माझ्यासाठी पाठवले. आम्ही सगळ्यांनी, मास्तरसकट, माडीवर बसून खाल्ले. पुढे चार हंगाम डायरी चालली. त्यानंतर इतर सोयी आल्या आणि ती आपोआप मागे पडली. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझं दुकान उत्तम चालतं, तब्येत ठीक आहे, मुलगी शिकली. मास्तर दिवाळीला येतो, भाऊबीजेला दोघी बहिणी एकत्र असतात, मी त्याला आग्रहाने वाढतो. माणूस खरोखर चांगला आहे. माझ्या मुलीला गणित त्यानेच शिकवलं.

पण त्या रविवारांनी मला एक खोड लावली. मी कॉम्प्युटर शिकलो. हळूहळू, डिक्शनरी शेजारी ठेवून. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी दुकान बंद असताना मी त्या सहीच्या अवजाराची माहिती वाचत बसलो. सगळी वाचली. आणि एका ओळीवर थांबलो. तिथे लिहिलं होतं की जुन्या सहीलाच नवीन मुदत देता येते. सहीची आतली गुप्त किल्ली तीच, नाव तेच.

वाचलेल्यावर मी विश्वास ठेवत नाही. औषधही आधी दोन वेलींवर मारून बघतो. मी माझ्या नावाने एका दिवसाची सही केली. दुसऱ्या दिवशी बघितली तर ती मेलेली होती. मग ती ओळ टाइप केली आणि मुदतीच्या जागी दहा वर्षांचे दिवस लिहिले. एंटर दाबलं. सही जिवंत झाली. तेच नाव. एका ओळीचं काम. चहा निवायच्या आत झालं.

म्हणजे आप्पांचं नाव राहू शकत होतं. नव्वद दिवस संपले म्हणून ते जायची काहीएक गरज नव्हती.

एकदा दिवाळीत मी विषय काढला, तर तो हसला. "भाऊ, किती जुनं काढता!" बायकोने मला डोळ्याने गप्प केलं. मी गप्प बसलो, कारण ताटं वाढलेली होती.

आता ताटं नाहीत. म्हणून इथे विचारतो. मास्तर, तुम्ही हेच शिकवता, मुलांच्या वह्या तपासता. ती एक ओळ तुम्हाला त्या संध्याकाळी माहीत होती की नव्हती? 'लक्षात राहिलं नाही' हे उत्तर एकदा देऊन झालंय, ते पुन्हा चालणार नाही. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. आणि मला सांगायच्या आधी सासूबाईंपुढे बसून सांगा. मशीनचा नियम आहे असं मी त्यांना तुमच्या शब्दावर सांगितलंय.